संत्र्याला जास्तीचा युरिया आणि विहिरीतलं नायट्रेट

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेड भागातल्या संत्रा उत्पादकांचे दोन प्रश्न आहेत. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं, ते उकळून प्यावं का? आणि झाडाला वर्षाला ३ किलो युरिया देतो, तो कमी केला तर आंब्या बहराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची) फळं गळतील का?

आधी पाण्याचं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकळल्याने पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. तुरटी किंवा ब्लीचिंग पावडरनेही ते जात नाही. आरओने कमी होतं. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याच्या वरच्या दुधात हे पाणी आजपासून वापरू नका. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. ओठ किंवा नखं निळसर दिसली तर लगेच दवाखान्यात न्या. बगिच्यात राबणारी मजुरांची कुटुंबंही तेच पाणी पीत असतील आणि त्यांच्या घरी आरओ नसेल, तर अहवाल आधी त्यांना सांगा आणि पिण्याच्या पाण्याची वेगळी सोय करा.

आता युरिया. ३ किलोत १३८० ग्रॅम नत्र (नायट्रोजन) येतं. दहा वर्षांवरच्या झाडाला ६०० ते ८०० ग्रॅम पुरतं, म्हणजे १.३ ते १.७५ किलो युरिया. त्याहून जास्तीचा भाग झाडाच्या कामी येत नाही. काळ्या चुनखडीच्या जमिनीत वर फेकलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन उडतो, बाकीचा दोन-तीन आठवड्यांत नायट्रेट बनतो. मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे मोठ्या पावसात तो भेगांमधून खाली उतरतो. एक किलो युरियातलं सगळं नत्र पाण्यात गेलं, तर सुमारे ४५ हजार लिटर पाणी मर्यादेला पोचतं. एकरी ११० झाडं धरा आणि स्वतःच हिशेब करा.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. युरियाची किंमत सरकारने बांधून दिलेली आहे. स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅश) खतं २०१० पासून अन्नद्रव्याधारित अनुदानात, म्हणजे खतातल्या अन्नद्रव्यावर ठरणाऱ्या अनुदानात, गेली आणि महागली. स्वस्त थैली जास्त पडणारच.

मात्रा कमी केल्याने फळं गळणार नाहीत. जास्त नत्राने कोवळी पालवी फुटते, तिच्यावर सायला आणि मावा या रस शोषणाऱ्या किडी येतात, फळाची साल जाड होते. गळ होत असेल तर बुरशी, रसशोषक पतंग आणि आळ्यात साचलेलं पाणी तपासा.

निम्मं नत्र ताण तोडताना, म्हणजे फुलोऱ्यासाठी बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू करताना द्या, उरलेलं फळं वाटाण्याएवढी झाल्यावर. खोडाजवळ टाकू नका. फांद्यांच्या घेराखाली गोल चर काढून १० ते १५ सेंटिमीटर खोल पुरा, माती झाका, हलकं पाणी द्या. ठिबक असेल तर विद्राव्य स्वरूपात आठवड्याला थोडं-थोडं सोडा, हेच सर्वांत चांगलं. जोरदार पावसाचा अंदाज असताना युरिया टाकू नका. झाडाला ४०-५० किलो कुजलेलं शेणखत देत असाल तर तेवढं नत्र हिशेबात धरून युरिया घटवा.

विहिरीजवळचा उकिरडा, गोठ्याचं मूत्र आणि संडासाचा शोषखड्डा हीही नायट्रेटची मोठी ठिकाणं आहेत. ती किमान ५० फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवीत. पाणी मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासा. मोटर दहा मिनिटं चालवून, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून एक लिटर नमुना घ्या आणि तो थंड ठेवून चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवा.