परड्यातल्या ग्रिलसाठी जादा सिलिंडर ठेवावा का?

तुम्ही विचारलंय की भावानं अमेरिकेहून पाठवलेली गॅसवरची ग्रिल परड्यात मांडली आहे, भाजणं अर्ध्यावर आलं की गॅस संपतो, तर भरलेला जादा सिलिंडर घरी ठेवणं बरं की धोक्याचं, आणि ठेवायचा तर कुठं.

ठेवा की. पण तो भरलेला आहे हे काट्यावर बघून मगच ठेवा. हे कळायला मला ३१ डिसेंबरची एक अख्खी रात्र घालवावी लागली.

मी बेळगावात अनगोळला राहते. सासरचं जुनं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. परडं मोठं म्हणून आमच्या ह्यांनी ग्रिल तिकडंच नेऊन ठेवलीय. त्या रात्री आम्ही चौदा माणसं होतो. पलीकडं पोरं ओल्ड मॅन उभा करत होती. (बाहेरच्यांसाठी सांगते, सरत्या वर्षाचा म्हातारा करून रात्री बाराला जाळायची ही बेळगावची रीत.) चिकनचा पहिला घाणा उतरला आणि दुसऱ्याला ज्योत बारीक होत होत निळा ठिपका उरला. ह्यांनी "संपला" म्हणून सिलिंडर काढला आणि सोप्यातला जादा जोडला. तो फुस्स. गावात रात्री दहाला कोण सिलिंडर देणार? उरलेलं चिकन चुलीवरच्या रश्श्यात गेलं.

सकाळी मी दोन्ही सिलिंडर भाताची पोती मोजायच्या काट्याला अडकवले. जादा म्हणून ठेवलेला रिकामाच होता, टोपी लावलेली असल्यामुळं सगळ्यांनी भरलेला समजला होता. आणि रिकामा म्हणून काढलेल्यात २.८ किलो गॅस शिल्लक! तेवढ्यात आणखी चार तास भाजणं झालं असतं.

असं का होतं ते ऐका. सिलिंडरमध्ये गॅस पातळ होऊन बसलेला असतो. जळायला वर येतो ती त्याची वाफ, आणि वाफ व्हायला लागणारी ऊब तो सिलिंडरच्या पत्र्यातून आणि बाहेरच्या हवेतून ओढून घेतो. घरच्या शेगडीला गॅस थोडाथोडा लागतो म्हणून काही जाणवत नाही. ग्रिलचे तिन्ही बर्नर मोठे केले की ओढ वाढते, सिलिंडर गार पडतो, बाहेरून घाम फुटतो, दाब उतरतो आणि ज्योत मरते. त्यात आपल्याकडच्या गॅसात प्रोपेन आणि ब्युटेन मिसळलेले असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. म्हणजे पहिल्यांदा प्रोपेन जास्त निघून जातो, तळाला ब्युटेनच जास्त राहतो आणि डिसेंबरच्या गारठ्यात तो वर यायला कुरकुरतो. अशा वेळी दोन बर्नर बंद करा, थोडं थांबा, ज्योत परत येते. उकळतं पाणी ओतायचं नाही आणि सिलिंडर आडवाही करायचा नाही. आडवा केला तर वाफेऐवजी पातळ गॅसच रेग्युलेटरमध्ये शिरतो. ह्यांचे एक मित्र लाथ मारून बघत होते, त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही.

आता वजन. सिलिंडरच्या वरच्या कड्याखालच्या पट्ट्यांवर रिकामं वजन लिहिलेलं असतं, समजा १५.६. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, म्हणजे भरलेला २९.८ भरायला पाहिजे. मधे जे काही भरेल त्यातून १५.६ वजा करा, तेवढा गॅस उरला. प्रत्येक सिलिंडरचं रिकामं वजन वेगळं असतं, त्यामुळं "उचलून बघितला, जड वाटला" याला अर्थ नाही. घरी आणून देणाऱ्या पोरालाही दारातच वजन करायला सांगा, तो आपला हक्क आहे. त्याच पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष असतं, बी-२८ असं काहीतरी. ती पुढच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, तसंच पुढं सी आणि डी. जादा सिलिंडर महिनोन्महिने पडून राहतो, म्हणून मुदत लांबची असलेलाच घ्या.

मोजून झालं की खडूनं खूण करा. मी रिकाम्यावर "खाली" लिहायची. आमच्याकडं सिलिंडर आणणारा कानडी, तो म्हणतो "खाली आगेद", म्हणजे रिकामा झालाय, आणि ऐकून ऐकून आमच्याही तोंडी तेच बसलं. पुण्याहून आलेला भाचा ते वाचून विचारतो, "खाली म्हणजे कुठं, मामी?" तेव्हापासून शब्द सोडला, भरलेल्यावर किलोचा आकडा लिहिते.

किती पुरेल, तर ग्रिलच्या पाटीवर ताकद लिहिलेली असते ती बघा. अमेरिकेच्या ग्रिलवर ती बहुधा ताशी बीटीयूत असते, साधारण ३,४०० बीटीयू म्हणजे एक किलोवॅट. एक किलो गॅसमध्ये साधारण पावणेतेरा किलोवॅट-तास उष्णता असते. ९ किलोवॅटची ग्रिल पूर्ण चालवली तर तासाला ७०० ग्रॅम जातो. मोठा सिलिंडर वीस तास, ५ किलोचा छोटा सात तास. माझं मत विचाराल तर ग्रिलसाठी छोटाच घ्या. घरगुती कनेक्शनवर फार तर दोन मोठे मिळतात. त्यातला दुसरा परड्यात नेला की सोमवारी सकाळी भाकरी करताना स्वयंपाकघरातला संपतो आणि मग घरात जे होतं ते ग्रिलपेक्षा गरम असतं. ५ किलोचा बिनकनेक्शनचाही मिळतो, नुसतं ओळखपत्र लागतं. भाव बाजाराचा असतो, पण महिन्यातून एकदा भाजणाऱ्याला परवडतो. त्याला बसणारा रेग्युलेटर तिथंच लावून बघून घ्या. आणि परड्यात जेवणावळीचा धंदा सुरू करणार असाल तर लाल सिलिंडर चालणार नाही, १९ किलोचा व्यावसायिकच घ्यावा लागेल.

तुमची ग्रिल अमेरिकेची आहे म्हणून एक गोष्ट. तिकडच्या परसातल्या टाकीत २० पौंड, म्हणजे ९ किलोच्या आसपास प्रोपेन असतो आणि जोडणी हातानं पिळून घट्ट करायच्या आट्यांची. आपला रेग्युलेटर वरून दाबून बसवायचा. दोन्हींचं लग्न लावून द्यायला कोणी लेथवाला तयार झाला तरी करू नका. शेगडी दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडून आपल्या गॅसाप्रमाणं जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड), रेग्युलेटर आणि केशरी रंगाची सुरक्षा होज, म्हणजे गॅसची नळी, बसवून घ्या. ती होज पाच वर्षांनी बदलायची.

ठेवायचा कुठं, यात आमच्या जुन्या घरांची खोड सांगते. जड वस्तू ठेवायला जागा म्हणजे न्हाणीघरातला हंड्याच्या चुलीमागचा कोपरा. तिथं चूल रोज पेटते! तिथं नको, जिन्याखालच्या बंद कपाटात नको, तळघरात तर नकोच. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत पसरतो आणि खड्ड्यात, गटारात, मोरीत साचून राहतो. उघड्या सोप्यात सावलीला, सपाट जागी उभा ठेवा. खानापूरच्या पावसात ओल्या फरशीवर ठेवलात तर बुडाच्या कड्याला गंज धरतो, म्हणून खाली विटा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. टोपी आणि दोरी तशीच राहू द्या, कारण जोडताना फुसफुस ऐकू आली तर तीच टोपी परत दाबून बसवायची, सिलिंडर मोकळ्यावर न्यायचा आणि गॅसगळतीच्या मदतीच्या १९०६ या नंबरला फोन करायचा. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, काडी ओढून नाही.

बदलताना आजूबाजूला काहीही पेटलेलं नको. त्या रात्री आम्ही सिलिंडर बदलला तेव्हा कोपऱ्यात शेकोटी धगधगत होती. आता ग्रिल पेटवण्याआधीच दोन्ही मोजते. काटा परड्यातल्या आंब्याच्या फांदीलाच टांगलेला असतो. रताळ्यांच्या हंगामात शेजारचे मागून नेतात, तेवढा परत आणायचं लक्षात ठेवावं लागतं.