साधी क्लिप परवडते का?

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी आणि मिसेस दोघंही बीडीएस, जुळे सोलापुरात दोन खुर्च्यांचं क्लिनिक आहे, ऑर्थोचे (वेडेवाकडे दात सरळ करणारे) सर दर रविवारी येतात. वरचे दात पुढे अन खालचा जबडा मागे अशी बरीच पोरं येतात. सर म्हणतात ट्विन ब्लॉकसारख्या साध्या अप्लायन्सेस, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या क्लिप, वाढवू. मला वाटतं त्यात सुटतं काय, त्यापेक्षा तारांचं फुल पॅकेज बरं. प्रॅक्टिसला खरंच फायदा आहे का?

उत्तर : आहे, पण तुम्ही फीच्या रकान्यात शोधताय म्हणून दिसत नाही. बुधवारचा रकाना बघा. रविवारी सरांनी तारा बसवल्या, पोरानं मंगळवारी कडक भाकरी शेंगाचटणी दाबून खाल्ली, दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट निघालं, बुधवारी सकाळी आई पोराला घेऊन अक्कलकोटहून एसटीनं हजर. तार गालात टोचतीय, सर नाहीत, मग तुमचं चालू रूट कॅनाल थांबवून तुम्हीच तार कापणार, वॅक्स लावणार, आणि त्याचे पैसे मागायला तोंड होणार नाही. त्या बाईची विडीच्या कारखान्यातली त्या दिवसाची मजुरी बुडाली ते वेगळंच. असे महिन्यात किती बुधवार जातात ते अपॉइंटमेंटच्या डायरीत मोजा, मग पॅकेजचा हिशेब करू.

ट्विन ब्लॉकचं काम बघा कसं असतं. वरखालची मापं आणि एक वॅक्स बाईट, म्हणजे मेणावर चाव्याचा ठसा, एका बैठकीत होतं. पोराला खालचा जबडा पुढे आणून चावायला लावायचं, समोरच्या दातांत साधारण दोन मिलिमीटर फट ठेवायची. ओव्हरजेट, म्हणजे वरचे दात खालच्या दातांच्या जितके पुढे असतात ते अंतर, दहा मिलिमीटरपर्यंत असेल तर बहुतेक पोरं एकाच टप्प्यात पुढे येतात. बाकी ॲक्रिलिकचं काम लॅबचं. वरचा आणि खालचा अशा दोन्ही ब्लॉकचे उतार ७० अंशांचे, तोंड मिटलं की एकमेकांवर घसरतात आणि जबडा पुढेच राहतो, झालं. नंतर दीड-दोन महिन्यांनी तपासणी, डीप बाईट असेल, म्हणजे वरचे दात खालच्या दातांना फार झाकत असतील, तर वरच्या ब्लॉकचं ॲक्रिलिक थोडं थोडं घासायचं, म्हणजे खालच्या दाढा वर यायला जागा होते. दहा मिनिटांत खुर्ची मोकळी.

ही अप्लायन्स स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्कनी १९७७ मध्ये पहिल्यांदा वापरली, तीही एका डेंटिस्टच्याच मुलासाठी, पडून त्याचा पुढचा दात निखळला होता म्हणून. हे मुद्दाम सांगतेय, कारण पालकांना पटणारं कारण हेच आहे. पुढे आलेले दात खेळताना आपटतात, आणि वेळेत मागे घेतले तर ते मोडायची शक्यता कमी होते. जबडा भरपूर वाढेल असलं काही कबूल करू नका बरं का, बराचसा फरक दातांच्या झुकण्यानंच पडतो.

आता अडचणी. वय चुकलं की सगळं चुकलं. मुलींना साधारण दहा ते बारा, मुलांना बारा ते चौदा, वाढीचा जोर असतो तेव्हाच, आणि ते वयाच्या दाखल्यावरून ठरत नाही, लॅटरल सेफमध्ये (डोक्याच्या बाजूनं काढलेल्या एक्स-रेत) मानेचे मणके बघावे लागतात, ते सरांचं काम. दुसरं म्हणजे पोरगं क्लिप दप्तरात ठेवतं. माझ्याकडे एक आई आली, म्हणाली, "मॅडम, चोवीस तास घालतंय वो." क्लिप हातात घेतली तर ॲक्रिलिक कोरं करकरीत, लॅबची पॉलिश तशीच. मी काही बोलले नाही, पोराला एस म्हणायला सांगितलं. जीभ अडखळली. रोज घालणाऱ्याचं बोलणं साधारण आठवडाभरात सरळ होतं. अशा पोराला सरांनी तारांबरोबर फोर्ससची, जबडा पुढे ढकलणारी स्प्रिंग लावलेली बरी, ती पोराला काढता येत नाही, पण मग मोडतोड आणि बुधवार परत आलेच.

पालकांना पहिल्याच दिवशी सांगा की क्लिपनंतर बहुतेकांना थोडे दिवस तारा लागतात. फी दोन टप्प्यांत वेगळी लिहून द्या, दुसरा टप्पा "आता अजून पैसे?" असा यायला नको. तुमच्या भीतीचं उत्तरही यातच आहे, तारांचं काम जात नाही, जबडा जुळलेल्या तोंडात होतं, सोपं पडतं. सुरुवातीला चार-पाच केस घ्या आणि आईच्या मोबाइलवर क्लिप घातल्याचा रोजचा फोटो मागवा, तो बघायला रिसेप्शनवरची मुलगी पुरते.

प्रश्न : मुलीला ट्विन ब्लॉक बसवलाय. जेवताना काढायचा का? घरी रोज कडक भाकरी असते, गड्ड्याची यात्रा पण आलीय.

उत्तर : काढायचा नाही, चावतानाच तो जास्त काम करतो. पहिले तीन-चार दिवस खिचडी, मऊ भात. मग भाकरी आमटीत कुस्करून, तशी पण आपण तशीच खातो. गड्ड्यावर पाळण्यात बसू द्या, फक्त उसाचं कांडं सोलायला दात वापरायचे नाहीत. आणि क्लिप काढलीच तर डबीत, रुमालात गुंडाळून नाही, रुमाल झटकला की गेली.