वडील ‘कागदपत्रं’ म्हटलं की चिडतात, मग सुरुवात कुठून करायची?

तुम्ही लिहिलंय की वडील ७८ वर्षांचे आहेत, आई त्यांच्यावरच अवलंबून आहे, आणि नॉमिनी किंवा मृत्युपत्र हा शब्द निघाला की ते उठून जातात. आमच्या आप्पांचंही तेच होतं. “मला पंचगंगेवर न्यायची लईच घाई झालीया व्हय तुमास्नी?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पंचगंगेवर म्हणजे कोल्हापूरच्या स्मशानात.

आप्पा जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. घर शिवाजी पेठेत, करवीर तालुक्यात तीस गुंठे ऊस. दादानं दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा पहिल्याच वाक्यात मृत्युपत्र काढलं. दोन्ही वेळा आप्पा चपला घालून रंकाळ्यावर फिरायला गेले.

मी वेगळं विचारलं. “आप्पा, तुमच्या माघारी आईला पेन्शन मिळेल ना?” “मिळंल की, न मिळायला काय झालं?” म्हटलं, पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, दाखवा. त्यावर पत्नीचं नाव होतं शेवंता. ते आईचं माहेरचं नाव. आधारवर, बँकेत, मतदार यादीत ती सुमन आहे, लग्नात बदललेली. शेवंता नावाची बाई कागदोपत्री आमच्या घरात राहतच नव्हती. आप्पा तो कागद धरून बसले, चहा गार झाला. मग स्वतःच म्हणाले, “माळ्यावरची पेटी काढ खाली.”

म्हणून माझा पहिला सल्ला: मृत्युपत्रापासून सुरुवात करू नका, आईपासून करा. आपल्या मरणाबद्दल बोलायला कुणाला आवडत नाही, पण बायकोचं हाल होतील म्हटलं की त्या पिढीची माणसं ऐकतात.

पेटीत एलआयसीचे बाँड, विकास सोसायटीचा आणि कारखान्याचा शेअर, दूध संस्थेचं पासबुक, ऊसबिलाच्या पट्ट्या, तीन पतसंस्थांच्या ठेवपावत्या (एकीची मुदत चार वर्षांपूर्वीच संपलेली) आणि रेडिओच्या लायसनचं पुस्तक निघालं. ते टाकू दिलं नाही. खरी डोकेदुखी नावाची होती. पेन्शनला आप्पासाहेब, सातबाऱ्यावर आप्पासो, आधारवर अप्पासाहेब, कारखान्याच्या शेअरवर नुसतं आप्पा. आपल्याकडं हे ‘सो’ प्रकरण घरोघरी असतं आणि माणूस असेपर्यंत कुणाचं काही अडत नाही.

तेव्हा आम्ही कामांची वाटणी एकाच प्रश्नावर केली: याला आप्पांचीच सही लागते का? लागत असेल तर ते आधी. चारही नावं एकाच माणसाची, हे त्यांनी स्वतः प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं की काम संपतं. तेच माघारी वारसांनी सिद्ध करायचं म्हटलं की वकील आला, कोर्ट आलं. आईच्या नावाची पीपीओवरची दुरुस्तीही त्यांनी स्वतः अर्ज देऊन, खेटे घालून करून घेतली. सहकारी भेटत गेले, गप्पा झाल्या, त्यांनाही बरं वाटलं.

नॉमिनीबद्दल एक गैरसमज घराघरांत आहे. बँकेत नॉमिनी म्हणून लावलेला माणूस मालक होत नाही. पैसे त्याच्या हातात येतात, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव असेल त्याचा राहतो. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसह. तरी आईबाबतीत मला नॉमिनीपेक्षा ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ असं जोडखातंच बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी पैसे काढता येतात. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमासंरक्षण नसतं, हे वडिलांना एकदा शांतपणे सांगा.

शेताचं सगळ्यात जड गेलं. आजोबा १९९४ ला वारले, पण सातबाऱ्यावर ते होतेच. वारसनोंद करायची तर दोन आत्यांची नावं लागणार आणि तो विषय आप्पांना नको होता. २०२५ मध्ये मयतांच्या जागी वारसांची नावं लावायची सरकारची जिवंत सातबारा मोहीम आली, तेव्हा तलाठ्यानंच विचारलं आणि टाळायला जागा उरली नाही. आप्पांच्या मनात हक्कसोडपत्र होतं, म्हणजे बहिणींनी आपला वाटा लिहून सोडायचा. आहेर करायचा, साडी नेसवायची आणि त्याच दिवशी बहिणीला निबंधकाकडं न्यायचं, ही आपली पद्धत मला कधीच पटली नाही. मुलगी वारस आहेच, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत तिचा वाटा मुलाइतकाच आहे. आम्ही आधी दोघींची नावं लावली, मग विचारलं. थोरल्या आत्यानं आपणहून सोडलं. धाकटीनं नाही सोडलं. उसाच्या बिलातला तिचा वाटा तिला जातो, आभाळ काही कोसळलं नाही. हे आधी करायला हवं, कारण मृत्युपत्रात आप्पा फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतात. आजोबांच्या नावावरची अख्खी जमीन ते कुणाला देणार?

इथवर आल्यावर मृत्युपत्र एका दुपारी झालं. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदार हवेत, शक्यतो वाटेकरी नसलेले आणि वयानं लहान. साक्षीदार म्हणून आप्पांना त्यांचा ८० वर्षांचा मित्र हवा होता, त्यावरून थोडी वादावादी झाली. नोंदणी सक्तीची नाही, पण आम्ही दुय्यम निबंधकाकडं केली, सोबत डॉक्टरांचा दाखला लावला. नंतर कुणी ‘त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं’ म्हणायला नको.

तुम्हाला कुणी बक्षीसपत्र सुचवेल. राहतं घर किंवा शेती मुलांना दिली तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपयेच, म्हणून मोह होतो. माझं मत, करू नका. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं, बक्षीसपत्र केलं की घर गेलं. सांभाळायच्या अटीवर दिलं असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली रद्द करून मागता येतं, पण त्या वयात कुणी प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या का चढायच्या?

आप्पा गेले त्याला चार महिने झाले. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती झाली. दाखल्याच्या दहा प्रती काढल्या, त्याही संपत आल्या. त्यांचं सिमकार्ड आम्ही रिचार्ज करून चालू ठेवलंय, बँकेचे, गॅसचे मेसेज अजून त्यावरच येतात. एटीएम कार्डाला मात्र हात लावला नाही. खातेदार गेल्यावर त्याच्या कार्डानं पैसे काढणं चुकीचं आहे, आणि भाऊबंदकीत तेच पहिलं बाहेर येतं. आईची पेन्शन तिसऱ्या महिन्यात सुरू झाली.

अडलं फक्त एक. मुदत संपलेल्या पावतीबद्दल आप्पा म्हणाले होते, “राहू दे तिथंच, चेअरमन माझा विद्यार्थी हाय.” त्यावर नॉमिनी नव्हता, नाव नुसतं आप्पा. तेवढ्या एका पावतीसाठी आता वारस दाखल्याचा अर्ज कोर्टात आहे. विद्यार्थी तिसऱ्याला येऊन गेला, फार रडला, आणि जाताना म्हणाला, “ताई, कागद तेवढे आणा.”

आप्पांनी शाळेच्या शंभर पानी वहीत सगळी खाती स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली होती. शेवटच्या पानावर हिशेब नव्हता. ‘बाराव्याला जेवणावळी घालू नयेत. महापालिका आपल्याला फुकट जाळते, स्मशानभूमीला शेणी (गोवऱ्या) द्याव्यात,’ एवढंच होतं. किती, ते लिहिलं नव्हतं. दादानं एक ट्रॉली भरून दिल्या आणि पावती आणून त्याच वहीत ठेवली.