सही झाली तरी मन विमानापाशीच

प्रश्न : वय ३४. मुंबई विमानतळावर लाइन मेंटेनन्सला, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधे विमानाची तपासणी-दुरुस्ती करायला आहे, बहुतेक रात्रपाळ्याच. अहमदाबादच्या विमान अपघातापासून घरी येऊन झोप लागत नाही. पॅनल नीट बसवलं ना, टॉर्च आत राहिला नाही ना, या विचाराने दुपारी उठून सहकाऱ्याला फोन करतो. सगळं ठीकच निघतं. कंपनीत बोललो तर काम नीट झाल्याची सही करून विमान सोडण्याचा अधिकार जाईल. बायकोला वाटतं, मी तिच्यावर रागावलोय. मी या कामाच्या लायक उरलो नाही का? – एक वाचक, कल्याण

उत्तर : तुम्ही लायक आहात. थकलेले आणि घाबरलेले आहात, आणि दोन्हींवर इलाज आहे.

१२ जून २०२५ ला अहमदाबादेत २६० माणसं गेली. त्या विमानाशी तुमचा संबंध नव्हता, तरी रोज विमानाखाली उभं राहणाऱ्याच्या मनावर त्याचा घाव बसणारच. मला वाईट याचं वाटतं की, वैमानिकांच्या विश्रांतीची निदान चर्चा तरी होते. त्यांची साप्ताहिक विश्रांती २०२५ मध्ये ३६ तासांवरून ४८ झाली. पहाटे तीनला टायर बदलणाऱ्याला झोप मिळाली का, हे कोण विचारतं?

तुमच्या प्रशिक्षणात १० जून १९९० ची घटना शिकवली असेल. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या विमानाची पुढची काच हवेत उडाली, कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथहॅम्पटनला उतरवलं आणि सगळे वाचले. काच रात्रपाळीत बसवली होती. ९० पैकी ८४ बोल्ट किंचित कमी जाडीचे होते, कारण बसवणाऱ्याने ते नजरेने जुळवून घेतले होते. तो अनुभवी माणूस होता. पहाटेच्या वेळी, अपुऱ्या उजेडात, त्याने डोळ्यांवर भरवसा ठेवला. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर सगळ्यात सुस्त असतं, तेव्हा स्वतःच्या स्मरणावरही तेवढाच कमी भरवसा ठेवा.

म्हणून कामावरून निघण्याआधी हत्यारं मोजा, टास्क कार्ड, म्हणजे कामाच्या पायऱ्यांचा कागद, पुन्हा वाचा, काय झालं नि काय उरलं याचा हँडओव्हर लिहून द्या आणि पुढच्या पाळीच्या माणसाला तोंडीही सांगा. शंका हँगरमध्येच फेडायची. घरी नेमकी गोष्ट आठवली, म्हणजे अमुक पॅनल, अमुक स्क्रू, तर बेधडक फोन करा. त्यासाठी विमान थांबलं तरी चालेल. पण नुसती धाकधूक शमवायला केलेला फोन टाळा. त्याने तासभर बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी शंका आणखी जोरात येते. हे एकट्याने थांबवणं अवघड आहे. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला भेटाच. तोपर्यंत १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

कंपनीचं म्हणाल, तर अधिकार मुळीच जाणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. काही दिवस सहीविना काम मिळू शकेल, दिवसपाळी मिळू शकेल. पण डोकं ठिकाणावर नसताना सही न करणं ही तुमच्या कामातलीच जबाबदारी आहे, आणि ती पाळणाऱ्याला मी कमकुवत म्हणणार नाही. तुमचा विश्वास बसेल अशा शिफ्ट इनचार्जशी आधी बोला. मोघम ‘टेन्शन आहे’ म्हणू नका. ‘झोप होत नाहीये, रात्रपाळ्या सलग नकोत’ असं थेट मागा.

बायकोला हे पत्रच वाचायला द्या. तुमच्या गप्पपणाचं कारण कळलं तर तिच्या मनावरचं ओझं आजच उतरेल. दुपारी खोलीत अंधार करायचा, मोबाइल बाहेर ठेवायचा, कुकरच्या शिट्ट्या तुम्ही उठल्यावर, हे दोघांनी मिळून ठरवा. पाळीच्या उत्तरार्धात चहा घेऊ नका.

आणि डॉक्टरांकडे गेलात की पहिल्याच भेटीत सांगा, की तुम्ही विमानाच्या दुरुस्तीवर सही करता आणि रात्री जागता. झोपेच्या काही गोळ्यांची गुंगी पुढच्या पाळीपर्यंत टिकते, त्यामुळे औषध ठरवताना हे त्यांना माहीत हवं.