'माहीत' की 'माहिती'? लाल रेघेची गोष्ट

प्रश्न असा आहे: "मुलीने निबंधात 'मला ते किल्ले माहिती आहेत' असं लिहिलं. बाईंनी 'माहिती'खाली लाल रेघ ओढून 'माहीत' केलं. पण मालिकांमध्ये सगळे 'माहिती आहे'च म्हणतात. बरोबर काय? आणि माहिती म्हणजेच ज्ञान का?"

बाईंचं बरोबर आहे. 'माहीत' हे विशेषण, 'माहिती' हे नाम. गरीब–गरिबी, हुशार–हुशारी, तसंच माहीत–माहिती. (ह्रस्व-दीर्घाचा हिशोबही 'गरीब–गरिबी'चाच.) 'तो गरिबी आहे' असं कोणी म्हणत नाही; 'मला माहिती आहे' मात्र बिनधास्त म्हणतात. माझा तर्क असा, की 'माहीत आहे' घाईत म्हटलं की 'माहितेय', 'माहितीये' होतं आणि लिहिताना त्याची फोड चुकते. बोलण्यात मी कुणाला टोकत नाही. लिखाणात टोकतो.

किल्ल्यांचंच वाक्य घ्या. 'मला ते किल्ले माहीत आहेत' यात क्रियापद किल्ल्यांमागे जातं. 'मला त्या किल्ल्यांची माहिती आहे' यात किल्ले वीस असोत की दोनशे, 'आहे' एकवचनीच, कारण ते 'माहिती'शी बांधलेलं. मुलीच्या वाक्याने दोन्ही डगरींवर पाय ठेवला.

अर्थही वेगळा होतो. पद्मावती, सुवेळा, संजीवनी ही माच्यांची नावं, बांधकामाचा इतिहास, उंची सगळं वाचलेल्या माणसाला राजगडाची माहिती असते. धुक्यात चोरदरवाजाची वाट न चुकता धरतो त्याला राजगड माहीत असतो.

आता ज्ञान. इथे मी व्याख्येपेक्षा क्रियापदांकडे बघतो. माहिती आपण काढतो, मागवतो, गोळा करतो, पुरवतो, दडवतो. ती वस्तूसारखी हातातून हातात जाते. लग्न ठरवताना मुलाची 'माहिती काढतात'. 'ज्ञान काढलं' असं म्हणून बघा! माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मध्येही माहिती म्हणजे अभिलेख, परिपत्रकं, आदेश, अहवाल, इतकंच काय, नमुनेसुद्धा. 10 रुपये भरून अर्ज करायचा, पानाला 2 रुपये देऊन प्रती घ्यायच्या. नळाला पाणी का येत नाही हे विचारणाऱ्याच्या हाती चाळीस पानं पडतात, आणि माहिती 'मिळाली' अशी नोंद होते. पाणी न येण्याचं कारण 'समजायला' मात्र ती पानं घेऊन त्याला जुन्या प्लंबरकडे जावं लागतं. मिळणं आणि समजणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, हे बरंच आहे.

ज्ञान मात्र 'होतं'. ते कुणी दुसऱ्याला देऊ लागला की मराठी माणूस लगेच 'ज्ञान पाजळू नकोस' म्हणतो. 'पुस्तकी' हे विशेषणही आपण हटकून ज्ञानालाच लावतो, टोमणा मारायला. माहितीला चिकटतं ते 'ऐकीव'.

माणसांसाठीही दोन शब्द आहेत. वाट दाखवतो तो माहितगार, पण गाणं ऐकून मान डोलावतो तो जाणकार. 'माहितगार श्रोते' म्हटलं तर त्यांना सभागृहाची स्वच्छतागृहं कुठे आहेत एवढंच ठाऊक असावं असं वाटतं.

'ठाऊक' आलाच आहे तर त्याचा जुना भाऊबंदही पाहा. तुकोबा म्हणतात, 'वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा । येरांनी वहावा भार माथां'. या 'ठावा'मागे पाण्याचा ठाव, म्हणजे तळ, मला ऐकू येतो.

तुमच्या मुलीला एक पळवाट सांगून ठेवा. परीक्षेत गोंधळ झाला तर सरळ 'ठाऊक' लिहावं. 'ठाऊकी' असं नाम आज कोणी वापरत नाही, त्यामुळे चुकायची सोयच नाही.