इलेक्ट्रिक गिटार कॉम्प्युटरला जोडली की आवाज मेल्यासारखा का येतो?

प्रश्न : दादा नमस्कार, मी मिरजेचा, बीकॉम दुसऱ्या वर्षाला आहे. पैसे साठवून इलेक्ट्रिक गिटार घेतली, अ‍ॅम्प घ्यायला पैसे उरले नाहीत म्हणून म्हटलं थेट कॉम्प्युटरवर वाजवू आणि रेकॉर्ड पण करू. केबलची जाड पिन बारीक करणारा कन्व्हर्टर आणला, लॅपटॉपमध्ये लावला तर काहीच येईना. मग चुलतभावाच्या जुन्या पीसीच्या मागच्या गुलाबी भोकात लावला, तिथे आवाज आला पण गोधडीखालून आल्यासारखा, वर सूंऽऽ असा आवाज सतत. दुकानदार म्हणतो पिकअप, म्हणजे तारांखालचा आवाज पकडणारा भाग, बदल. खरंच बदलायला लागेल का?

उत्तर : अजिबात नको. गिटार उघडूही नकोस, पिकअपमध्ये काही बिघाड दिसत नाही, तू जोडलीस ती जागा चुकीची आहे एवढंच.

आधी लॅपटॉपचं सांगतो. आजकाल त्याला हेडफोन आणि माइक दोन्हीचं मिळून एकच भोक असतं, मोबाइलच्या हेडफोनच्या पिनेवर बघ, तीन काळ्या रेघा आणि चार भाग दिसतील, त्यातला एक भाग माइकचा. तुझ्या कन्व्हर्टरला तो भागच नाही, त्यामुळे लॅपटॉपला वाटतं हेडफोन लावला, आणि आत काही येतच नाही.

पीसीच्या गुलाबी भोकाची गोष्ट वेगळी. ते छोट्या कॉम्प्युटर माइकसाठी केलेलं असतं. गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, त्यातून निघणारा सिग्नल एकदम नाजूक. त्याला पुढे १० लाख ओहमच्या आसपासचं इनपुट लागतं, गिटार अ‍ॅम्पचं तेवढंच असतं. कॉम्प्युटरच्या माइकचं मात्र काही हजार ओहम. म्हणजे सिग्नलवर भलताच भार पडतो आणि सगळ्यात आधी मरतात ते वरचे, चमकणारे स्वर. तुमच्या मिरजेत तंबोरे बनतात तेव्हा तुला हे लगेच कळेल, तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा सरकवला की तार तीच, सूर तोच, पण आवाजातली सगळी झळाळी जाते ना, तसंच झालंय तुझ्या गिटारचं.

यावर उपाय म्हणजे यूएसबी ऑडिओ इंटरफेस, गिटार आणि कॉम्प्युटरच्या मधे लावायची छोटी डबी. फोकसराइट, बेहरिंजर, एम-ऑडिओ यांचे लहान इंटरफेस मिळतात, सेकंडहँड पण चालेल, फक्त घेताना बघ की त्यावर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' असं लिहिलेलं इनपुट किंवा बटण आहे का. ते नसेल तर घेऊ नको, कारण बाकी कितीही भारी असला तरी गोधडी तशीच राहणार. आणि असेल तर ते बटण दाबायला विसरू नको, कितीतरी जण इंटरफेस घेतात, गिटार लावतात आणि बटण लाइनवरच ठेवून महिनोन्‌महिने आवाजाला शिव्या घालतात. ४८ व्होल्टचं बटण कंडेन्सर माइकसाठी असतं, ते बंद ठेव.

गेन, म्हणजे इंटरफेसवरचं सिग्नल वाढवणारं बटण, लावताना गिटारचा व्हॉल्यूम फुल कर आणि गाण्यात जेवढ्या जोरात वाजवणार तेवढ्याच जोरात वाजव, हळू छेडून गेन लावला तर कोरस आल्यावर हमखास फाटतं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास उडाला की पुरे. २४ बिटमध्ये रेकॉर्ड केलं की आवाज कमी आला म्हणून काही बिघडत नाही, नंतर वाढवता येतो, फाटलेला मात्र नीट होत नाही.

आणि एक कळकळीचं सांगणं, रेकॉर्ड कोराच कर. डिस्टॉर्शन वगैरे सगळे इफेक्ट ट्रॅकवर प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, म्हणून लाव, म्हणजे वाजवताना ऐकू येतं पण फाइलमध्ये कोरी गिटार राहते. आज आवडलेला आवाज महिन्याने नकोसा होतो, तेव्हा वाजवलेलं सगळं वाया जायला नको. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणून रीपर ६० दिवस फुकट वापरता येतं, मॅकवर गॅरेजबँड आहेच. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हा अ‍ॅम्पची नक्कल करणारा प्लगइन फुकट आहे आणि खरोखर उत्तम आहे. फक्त त्याच्यानंतर कॅबिनेटचा आयआर, म्हणजे स्पीकरच्या खोक्याचा आवाज देणारी फाइल, लाव, नाहीतर डिस्टॉर्शन माशा घोंगावल्यासारखं ऐकू येतं आणि माणूस उगाच गिटारला दोष देतो.

प्रश्न : माझ्याकडे इंटरफेस आहे, पण तार छेडली की आवाज जरा वेळाने येतो, तालात वाजवताच येत नाही. विंडोज लॅपटॉप आहे. आणि घूंऽऽ असा आवाज पण असतो. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तिचा आसिओ (ASIO) ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिराने पोचवणारा प्रोग्रॅम, टाका आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा, विंडोजचा नेहमीचा नको. मग बफर बघा, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढे पाठवतो तो आकडा. ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला तेवढे नमुने) १०२४ बफर म्हणजे २१ मिलिसेकंद, तेही एका बाजूचे, जाताना आणि येताना दोन्हीकडे लागतात. १२८ केलंत की ३ मिलिसेकंदाच्या आत. आवाज हवेत एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे सगळं मिळून १० मिलिसेकंद उशीर झाला तरी अ‍ॅम्प ११ फुटांवर ठेवून वाजवल्यासारखं, ते हाताला जाणवत नाही. कडकड यायला लागली तर २५६ करा, आणि वाजवून झालं, नुसतं मिक्सिंग उरलं की खुशाल १०२४.

घूंऽऽ साठी आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, आवाज गेला तर दोष तिथेच, तेवढा वेळ बॅटरीवर रेकॉर्ड करा. तरी राहिला तर वाजवता वाजवता खुर्चीसकट हळूहळू गोल फिरा. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्‌झची गुणगुण पकडतो, एखाद्या दिशेला ती एकदम कमी होते, मग तिकडेच तोंड करून बसा.

प्रश्न : घरी ट्यूब अ‍ॅम्प आहे, त्याच्या मागच्या स्पीकर आउटमधून सरळ इंटरफेसमध्ये वायर टाकली तर? (पणजी)

उत्तर : नका टाकू! ती स्पीकर हलवणारी पॉवर आहे, इंटरफेस जळेल, आणि स्पीकर काढून ट्यूब अ‍ॅम्प चालवलात तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर पण जाईल. मागे लाइन आउट असेल तर त्यातून घ्या, नसेल तर स्पीकरच्या जाळीजवळ एक साधा डायनॅमिक माइक धरा, मधोमध नको, जरा कडेला.