तिशीच्या आतला मधुमेह : तुमचे प्रश्न

प्रश्न : वय 27. ऐरोलीत आयटी कंपनीत रात्रपाळी. मेडिकलमध्ये एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 9.1 निघाली. घरात कुणालाही मधुमेह नाही, अंगकाठी पहिल्यापासून बारीक. दोन महिने गोळ्या घेतोय, तरी वजन 4 किलोंनी उतरलं. मित्र म्हणतात, रिपोर्टच चुकला असेल.

उत्तर : 6.5 किंवा त्याहून जास्त एचबीएवनसी म्हणजे मधुमेह. खात्रीच करायची तर उपाशीपोटीची साखर तपासा. ती 126 किंवा वर आली की विषय संपला. पण मला तुमच्या 9.1 पेक्षा त्या 4 किलोंची जास्त काळजी वाटते. तरुणांमध्ये टाइप 2 (इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही, तो प्रकार) इतका दिसू लागलाय, की पंचविशीतला रुग्ण समोर बसला की गोळ्या लिहून मोकळं व्हायची सवय आम्हा डॉक्टरांना लागली आहे. सडपातळ बांधा, घराण्यात मधुमेह नाही आणि गोळ्या चालू असूनही वजन उतरतंय, असं असेल तर टाइप 1 ची शंका घ्यायलाच हवी. तो फक्त लहान मुलांना होतो, हा गैरसमज आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते. मोठ्या वयात ही पडझड कधीकधी सावकाश होते, म्हणून सुरुवातीला गोळ्यांवर भागतंय असं वाटतं.

जीएडी अँटीबॉडी (प्रतिकारशक्ती त्या पेशींवर उलटली आहे का) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतंय) या दोन तपासण्यांबद्दल डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. थोड्या महाग आहेत, पण पुढची सगळी दिशा त्यांवर ठरते. मध्येच उलट्या, पोटदुखी, न भागणारी तहान किंवा धाप लागली, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीच इमर्जन्सीत जा आणि ‘किटोन तपासा’ असं स्वतःहून सांगा. किटोन म्हणजे इन्सुलिन फार कमी पडलं की रक्तात साठणारी घातक आम्लं.

प्रश्न : मी 22 वर्षांची, ठाण्यात राहते. चार महिन्यांपूर्वी टाइप 1 चं निदान झालं. इन्सुलिन दिवसाला 30 युनिट होतं, आता 12 वर आलंय. मावशी म्हणते, तिच्या काढ्याचा गुण आहे, इन्सुलिन बंद कर.

उत्तर : बंद करू नका. एक दिवसही नाही. या काळाला आम्ही ‘हनिमून’ म्हणतो. बाहेरून इन्सुलिन मिळालं की उरल्यासुरल्या पेशींना थोडी उसंत मिळते, त्या पुन्हा कामाला लागतात आणि डोस उतरतो. काही आठवडे, काही महिने, क्वचित त्याहून जास्त. मग तो परत चढतो. तेव्हा ‘माझंच काहीतरी चुकलं’ म्हणून रडत बसू नका, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी या आजाराची मुलं फार दिवस जगत नसत, आणि काढे तेव्हाही होतेच. मावशीशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिच्या हातची कारल्याची भाजी खा, काढा तेवढा नको.

प्रश्न : वय 25. तुर्भ्याला नोकरी. संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत बऱ्याचदा हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं. ग्लिमेपिराइड चालू आहे. लेडीज डब्यात सगळ्यांसमोर काही तोंडात टाकायची लाज वाटते.

उत्तर : ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही. दुपारी एकला डबा आणि मग थेट घरी चहा, एवढी फट या गोळीला चालत नाही. निघण्यापूर्वी मूठभर फुटाणे नाहीतर एखादं फळ खा.

गाडीत त्रास सुरू झाला तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चहाचे चमचे साखर लगेच घ्या. चॉकलेट, बिस्किट नको, त्यातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मीटर काढायला जागा नसेल तर तपासत बसू नका, आधी खा. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही, तर पुन्हा तेवढंच. रबाळ्याला घेतलंत तर ठाणं येईपर्यंत साधारण तेवढा वेळ जातो. उतरल्यावर लगेच पुलाच्या जिन्याकडे धावू नका, बाकावर बसा, काहीतरी पोटात घाला. आणि ग्लुकोजची पुडी कुर्त्याच्या खिशात हवी. बॅग गर्दीत रॅकवर जाते आणि हात नेमका तेव्हाच पोचत नाही.

लाजेचं म्हणाल, तर रोजच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला सांगून ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी-साखर कोंबायची नसते, हेही तिला सांगा. याच लाजेपायी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये उभ्याने इन्सुलिन टोचणारी मुलं मी पाहतो. तिथे ना हात नीट धुतले जातात, ना डोस नीट मोजला जातो. जागेवर बसून घ्या. लोक दोन दिवस बघतात, तिसऱ्या दिवशी आपापल्या मोबाइलमध्ये असतात.

आणि हो, असं वारंवार होत असेल तर गोळी बदलावी लागेल. तारीख-वेळ लिहून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मुलगा 29 वर्षांचा, टाइप 1. आम्ही कोपरखैरण्याला असतो. स्थळं येतायत. नातेवाईक म्हणतात, साखरपुडा होईपर्यंत बोलू नका.

उत्तर : ताई, बोला. किंबहुना त्यालाच बोलू द्या, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच. फ्रीजमध्ये अंड्यांशेजारी ठेवलेली इन्सुलिनची पेनं लग्नानंतर आठवड्याभरात दिसणारच, आणि मग भांडण आजारावरून होत नाही, लपवल्यावरून होतं. मुलीकडचे हमखास विचारतील, ‘मुलांना होईल का?’ वडिलांना टाइप 1 असेल तर धोका थोडा वाढतो, पण बहुतेक मुलांना तो होत नाही. टाइप 2 घराण्यात याहून जास्त उतरतो, आणि तो तर दोन्हीकडच्या काका-मामांत निघेल.

प्रश्न : नुकतंच टाइप 2 चं निदान झालं, वय 28. डोळे तपासायला सांगितलेत, पण मला दिसतं तर स्वच्छ.

उत्तर : तरी जा. टाइप 2 किती दिवस आत दडून होता हे कळत नाही, आणि पडद्याची खराबी सुरुवातीला नजरेला जाणवत नाही. त्याच दिवशी लघवीतलं अल्ब्युमिनही (मूत्रपिंडाला धक्का लागला की लघवीत उतरणारं प्रथिन) बघून घ्या. डोळ्यांत थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा दुचाकी घरीच ठेवा, रिक्षाने जा.